विठोबा गप्प बसतो तेव्हा: झगडा, श्रद्धा आणि सुटकेच्या स्वतंत्र मराठी चित्रपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्म सोसायटीचा खेळ संपल्यावर दारात, समोरच्या टपरीवर आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका सरावलेल्या प्रेक्षकाची आहेत. मतं जरा ठाम वाटतील, पटली नाहीत तर खुशाल भांडा. काही ठिकाणी गोष्ट सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्यामुळे ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही, त्यांनी 'देऊळ', 'फँड्री' आणि 'द डिसायपल' बघून मग इकडे यावं.

स्वतंत्र चित्रपट म्हणजे कमी पैशातला चित्रपट, असंच ना?

बऱ्याचदा तसंच, पण खूण ती नाही. पैसा कुणी घातला आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे बघायचं. 'श्वास' (२००४) मध्ये आजोबा झालेले अरुण नलावडे स्वतः निर्मात्यांपैकी एक होते. 'अस्तु' आणि 'कासव' यांच्या पाठीशी डॉ. मोहन आगाशे उभे राहिले आणि दोन्हींत त्यांनी कामही केलं. 'अस्तु' थिएटरात आणायला तर लोकवर्गणी काढावी लागली. 'गोदावरी'ची निर्मिती नायकाचं काम करणाऱ्या जितेंद्र जोशी यांनी अंगावर घेतली, पुढे मोठी कंपनी सोबत आली. 'विहीर'मागे अमिताभ बच्चन यांची कंपनी होती आणि तरी तो चित्रपट बाजाराकडे ढुंकूनही न बघता केलेला आहे. थोडक्यात, सीमारेषा पुसट आहे. 'गाणं घाला, हिरॉइन घाला, शेवट गोड करा' असं सांगणारा माणूस ज्या सेटवर नव्हता, तो चित्रपट या यादीत धरायला माझी हरकत नाही.

भक्तिपट आपल्याकडे आधीपासून आहेत. मग यात वेगळं काय?

या प्रश्नाचं उत्तर १९३६ सालात जाऊनच द्यावं लागतं. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम', दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात चमत्कार सरळ सरळ दाखवले आहेत. गाथा पाण्यातून वर येते, शेवटी विमान येतं, तुकाराम वैकुंठाला जातात. त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि आज बघतानाही पागनीसांचा चेहरा असा काही निर्मळ आहे की शंका काढायला तोंड उघडत नाही.

पण त्या चित्रपटात दुसरं एक माणूस आहे: जिजाई. गौरी या नटीने ती केली आहे. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा अभंगात दंग. ही बाई एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट देवळात जाते, विठोबाला जाब विचारायला. ती नास्तिक नाही. नास्तिक माणूस देवावर वहाण कशाला उगारेल? तिचा देवावर विश्वास आहे, म्हणून तर तिचा राग आहे. आणि शेवटी नवरा विमानात बसून जातो तेव्हा जिजाई इथेच राहते, पोरं आणि संसार सांभाळत.

माझं म्हणणं एवढंच आहे की गेल्या वीस वर्षांतले हे स्वतंत्र मराठी चित्रपट जिजाईच्या बाजूचे आहेत. विमान येत नाही. गाथा वर येत नाही. घरात दाणा नाही हा प्रश्न मात्र पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत तसाच उभा असतो, आणि माणूस देवाशी बोलत राहतो, भांडत राहतो, कधी अबोला धरतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या आणि आपण त्या सातशे वर्षं भजनात गातो आहोत.

पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मराठी चित्रपटाला जो मुख्य पुरस्कार मिळतो, त्याला संत तुकारामांचं नाव आहे. आणि प्रभातच्या ज्या आवारात तो जुना चित्रपट झाला, तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 'देऊळ' आणि 'विहीर'चा दिग्दर्शक उमेश कुलकर्णी तिथेच शिकला. तेव्हा नातं ओढूनताणून जोडलेलं नाही.

'देऊळ' देवाच्या विरोधात आहे का? आमच्या घरी यावरून वाद झाला.

होऊ द्या, वाद व्हावा असाच तो चित्रपट आहे. पण देवाच्या विरोधात? मुळीच नाही. मंगरूळ गावातला केशा, गिरीश कुलकर्णीने केलेला, आपली करडी गाय शोधत माळावर फिरतो. दमून उंबराखाली झोपतो आणि त्याला दत्ताचं दर्शन होतं. झालं की भास झाला, हे चित्रपट सांगत नाही आणि केशाची टिंगलही करत नाही. त्याला जे दिसलं ते त्याच्यापुरतं खरं आहे. गडबड सुरू होते ती त्याने ते ओरडून गावभर सांगितल्यावर. मग दुकानं येतात, वर्गणी येते, पुढारी येतात, हारवाले, प्रसादवाले, पार्किंगवाले. गावात दवाखाना व्हावा म्हणून धडपडणारे अण्णा (दिलीप प्रभावळकर) बाजूला पडतात. नाना पाटेकरांनी केलेले भाऊ तर फार हुशारीने लिहिले आहेत. ते खलनायक नाहीत, वाऱ्याची दिशा ओळखणारे आहेत. असे भाऊ प्रत्येक तालुक्यात सापडतील.

शेवटी केशाला आपलाच देव गर्दीतून सोडवून न्यावासा वाटतो. तो मूर्ती उचलतो आणि नदीत सोडतो. मला हा अलीकडच्या मराठी सिनेमातला सगळ्यात भक्तीचा प्रसंग वाटतो. गाव मात्र नवी मूर्ती आणून पुन्हा सुरू होतं. केशाची सुटका झाली, गावाची नाही.

२०११च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ 'देऊळ'ला 'ब्यारी' या चित्रपटासोबत विभागून मिळालं. गिरीश कुलकर्णीला अभिनय आणि संवाद असे दोन पुरस्कार मिळाले. संवादांचा मान रास्तच होता. पारावरच्या गप्पा इतक्या खऱ्या उतरलेल्या क्वचितच ऐकायला मिळतात.

एकच सांगा, सुरुवात कशापासून करू?

घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४). परेश मोकाशी दिग्दर्शक, कथा-पटकथा मधुगंधा कुलकर्णी. एकटे बघणार असाल तर 'रिंगण'. आणि संगीताचा कान असेल तर थेट 'द डिसायपल', पण रात्री जागे असताना.

प्रत्येक चित्रपटात पंढरपूरच कसं काय? मराठी दिग्दर्शकांना दुसरं गाव मिळत नाही का?

प्रश्न खवचट आहे, पण रास्त आहे. एक कारण उघड आहे: लाखो माणसं, पालख्या, टाळ-मृदंग, पताका. एवढं दृश्य कुठल्याही निर्मात्याला पैसे देऊन उभं करता येणार नाही. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा कॅमेरा कुठेही धरला तरी काहीतरी मिळतंच. तिथेच धोकाही आहे. वरून ड्रोन फिरवायचा, भगव्या पताकांचा समुद्र दाखवायचा, खाली अभंग लावायचा, की प्रेक्षक आपोआप गहिवरतो. हे फुकटचं आहे, आणि ज्या चित्रपटाला स्वतःचं काही सांगायचं नसतं तो या गहिवरावर भागवून नेतो.

चांगल्या दिग्दर्शकाने पंढरपूर गर्दीच्या पोटातून दाखवलं आहे. 'एलिझाबेथ एकादशी'मधली भावंडं तिथलीच आहेत, वारीला आलेली नाहीत. त्यांच्यासाठी एकादशी म्हणजे धंद्याचा दिवस. आईचं विणकामाचं मशीन कर्जापायी अडकलंय, वडिलांनी बनवलेली सायकल (तिचं नाव एलिझाबेथ) विकायची वेळ आलीय, आणि ती वाचवायला पोरं बांगड्यांचा गाडा लावून बसतात. देवळाच्या गावात राहणाऱ्याची श्रद्धा यात्रेकरूपेक्षा वेगळी असते. त्याला देव शेजाऱ्यासारखा असतो, रोजचा, थोडा गृहीत धरलेला.

'रिंगण'मध्ये उलट आहे. मकरंद मानेचा हा पहिला चित्रपट, २०१५चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. कर्जात बुडालेला अर्जुन मगर (शशांक शेंडे) पोराला घेऊन पंढरपुरात येतो. आई देवाघरी गेली, असं पोराला सांगून ठेवलेलं. आणि विठ्ठल तर पंढरपुरात राहतो. तेव्हा पोराच्या हिशेबाने आई तिथेच कुठेतरी असणार. तो शोधायला लागतो! बापाने दुःख झाकायला वापरलेला एक शब्दप्रयोग पोराने पत्ता म्हणून घेतला आणि चित्रपट त्यावर उभा राहिला. बापाला पोराच्या पुढ्यात ना देवावरचा राग काढता येतो, ना मरायचा विचार बोलता येतो. शशांक शेंडे यांचे खांदे बघा फक्त. संवाद नसताना ते जे करतात त्यात कर्ज, लाज, पोराची काळजी सगळं दिसतं.

'द डिसायपल'मध्ये देव कुठे आहे? तो तर शास्त्रीय संगीतावरचा चित्रपट.

देव नाही, पण श्रद्धा शंभर टक्के आहे, आणि या यादीतली सगळ्यात निर्दय परीक्षा तिचीच आहे.

शरद नेरुळकर (आदित्य मोडक) गुरूची सेवा करतो, पाय चेपतो, रियाज करतो, पोटापाण्यासाठी जुन्या दुर्मीळ मैफलींच्या सीडी काढणाऱ्या छोट्या कंपनीत राबतो. रात्री मोटरसायकलवरून रिकाम्या मुंबईत फिरतो आणि कानात गुरूंच्या गुरू 'माईं'ची ध्वनिमुद्रित प्रवचनं चालू असतात: संगीत म्हणजे साधना, त्यासाठी एकटं राहायला शिका, उपाशी राहायला शिका. उड्डाणपुलावर गाडी संथ गतीने तरंगत असते, खाली तानपुरा. हे प्रसंग इतके सुंदर आहेत की आपणही त्या शिकवणीच्या प्रेमात पडतो. तोच तर डाव आहे. कारण पुढे एक जुना संग्राहक माईंबद्दल नको ते बोलतो, गुरूंबद्दलही बोलतो, आणि शरद त्याच्या तोंडावर पेला रिकामा करून उठून जातो. उत्तर त्याच्याकडे नसतं. आयुष्यभर ज्यावर डोकं टेकवलं, तिथे कदाचित काहीच नव्हतं, किंवा होतं पण आपल्या वाट्याचं नव्हतं. दुसरी शक्यता जास्त जिव्हारी लागते.

गाणं येण्यासाठी नुसती भक्ती पुरत नाही, हे कुणी मोठ्याने म्हणत नाही. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे म्हणतो, पण शरदची फजिती करून नाही. शेवटी शरदचा संसार आहे, व्यवसाय आहे, आणि लोकलच्या डब्यात एक भिकारी गात जातो. यात सुटका आहे का? मला वाटतं, आहे. ज्याला आपण नापास झालो हे स्वीकारता आलं त्याची थोडी तरी सुटका झाली म्हणायची. पण आमच्याकडे खेळानंतर निम्मे लोक 'किती निराश करणारा' म्हणत उठले, हेही सांगून ठेवतो.

माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. 'अस्तु', 'कासव', 'देवराई' करणाऱ्या त्याच. १९ एप्रिल २०२१ला त्या गेल्या आणि ३० एप्रिलला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. त्या आठवड्यात ज्यांनी तो पाहिला त्यांना तो आवाज कसा ऐकू आला असेल, ते वेगळं सांगायला नको. त्याआधी, २०२०च्या व्हेनिस महोत्सवात मुख्य स्पर्धेत जाऊन त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला होता.

'कासव' नैराश्यावर आहे. घरात कुणी त्यातून जात असेल तर त्याला दाखवावा का?

आधी स्वतः बघा. चित्रपट हळुवार आहे, पण त्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे आणि पुढचं सगळं त्यानंतरचं आहे. मानव (आलोक राजवाडे) हा तरुण जानकीच्या (इरावती हर्षे) घरी पोहोचतो. ती स्वतः त्याच दुखण्यातून गेलेली आहे, म्हणून ती त्याला प्रश्न विचारत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांच्या संवर्धनाचं काम चालू असतं, ते त्याच्या आसपास चालू राहतं. उपदेश नाही, 'सकारात्मक विचार कर' नाही. नेमकं कसं वागू नये हे नातेवाइकांनी शिकावं, यासाठी तो जास्त उपयोगाचा आहे. मला तर वाटतं, आजारी माणसापेक्षा त्याच्या घरच्यांनीच आधी बघावा. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं.

चित्रपट हा उपचार नव्हे. गरज असेल तर डॉक्टर गाठा, आणि सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

'गोदावरी' मरणावर आहे म्हणे. नुकतं घरात कुणी गेलं असेल तर बघवेल का?

बघवेल, उलट बरं वाटेल. नाशिकचा निशिकांत देशमुख जुन्या वाड्यांची भाडी गोळा करत नदीकाठच्या गल्ल्यांतून फिरतो. घरच्यांशी फटकून वेगळा राहतो, नदीवर त्याचा राग आहे, रूढींवर आहे, स्वतःवर तर आहेच. मग डॉक्टर त्याला जे सांगतात त्याने त्याचं उरलेलं आयुष्य मोजकं होऊन जातं. नदी काही करत नाही. ती वाहते. लोक तिच्यात अस्थी सोडतात, तिच्यातच कपडे धुतात, तिच्यातच पोरं उड्या मारतात. ज्या बाबतीत इतर दिग्दर्शक आरती आणि दिव्यांमध्ये अडकले असते तिथे निखिल महाजनने घाटावरचा ओला कचराही ठेवला. त्यामुळे नदी पवित्र वाटते ती खरीखुरी.

विक्रम गोखले यात विस्मरणात चाललेले आजोबा झाले आहेत. चित्रपट ११ नोव्हेंबर २०२२ला लागला आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला गोखले गेले. गोव्यात २०२१च्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जितेंद्र जोशी यांना अभिनयासाठी रौप्य मयूर मिळाला, नंतर महाजनला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. चित्रपट दिग्दर्शक निशिकांत कामत यांच्या आठवणीला अर्पण केलेला आहे, नायकाचं नाव त्यावरूनच.

सगळे हिंदू, त्यातही वारकरी. बाकीच्यांची श्रद्धा, बाकीच्यांची दुःखं कुठे आहेत?

कमी आहेत, फारच कमी. मराठी बोलणारे ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध यांच्या अंतरंगातल्या श्रद्धेवर आपल्या सिनेमाने अजून नीट हातही घातलेला नाही. वसईपासून मिरजेपर्यंत गोष्टी पडून आहेत.

आणि जात? श्रद्धेबद्दल बोलताना जात टाळली तर निम्मी गोष्ट सांगायची राहते, कारण देवळात कुठपर्यंत जायचं हे कधी काळी तिनेच ठरवलं होतं. इथे 'फँड्री' (२०१३) बघावा. नागराज मंजुळेचा हा पहिला मोठा चित्रपट. जब्या कैकाडी समाजातला पोरगा. काळी चिमणी पकडून तिची राख जिच्यावर टाकली ती मुलगी आपली होते, असं त्याने ऐकलेलं असतं, म्हणून तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. ही त्याची श्रद्धा. आणि गावाची श्रद्धा म्हणजे जत्रा. जत्रेत तो नवे कपडे घालून नाचायला जातो आणि त्याच्या डोक्यावर येते गॅसबत्ती, इतरांना नाचायला उजेड हवा म्हणून. पालखीच्या वाटेत डुक्कर शिरतं, मग डुकरं धरायचा हुकूम त्याच्या बापाला.

पुढचा प्रसंग विसरता येत नाही. सगळं कुटुंब शाळेमागे डुकरामागे धावतंय, ज्या पोरीवर जीव आहे ती बघतेय, पोरं हसतायत. एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. हे सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर समोरून निवांत निघून जातं. मग डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रं. जब्याची सुटका कुणी देव करणार नाही, हे त्याला त्या दुपारी कळतं. तो दगड उचलतो. तो दगड थेट आपल्या अंगावर येतो, कारण हसणाऱ्यांत आपणही बसलेलो असतो.

'साबर बोंडं' हे अगदी अलीकडचं नाव. रोहन परशुराम कानवडेचा हा चित्रपट जानेवारी २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक एकीकडे विधीचे नियम सांगतात, दुसरीकडे लग्नाचा विषय काढतात. आणि त्याच दिवसांत लहानपणचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या साध्या, शेताबांधावरच्या भाषेत आधी आलं नव्हतं. सुतकाची चौकट इथे तुरुंग नाही. तिच्यामुळेच आनंदला दहा दिवस गावात राहावं लागतं आणि ते दहा दिवसच त्याला वाचवतात. पार्श्वसंगीत अजिबात नाही, तेव्हा मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका.

हे चित्रपट इतके संथ का असतात? झोप येते.

येते, खरं आहे. काही चित्रपट उगाचच संथ असतात, तिथे दोष प्रेक्षकाचा नाही. रिकाम्या अंगणावर दोन मिनिटं कॅमेरा धरला म्हणजे अध्यात्म होत नाही. पण 'विहीर' बघा: नचिकेत गेल्यावर समीर ज्या विहिरीपाशी पुन्हापुन्हा येतो, तिथे घाई केली असती तर काय उरलं असतं? चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला मरण समजायला जेवढा वेळ लागतो तेवढा चित्रपट घेतो. एक साधी कसोटी मी लावतो. लांबलेल्या प्रसंगात माझी नजर पडद्यावर काहीतरी शोधत राहिली तर संथपणा कामाचा. घड्याळाकडे गेली तर दिग्दर्शक चुकला.

पुरस्कार मिळतात, मग थिएटरात तीन दिवसांत गायब का होतात?

आधी ते लागायलाच वर्षं जातात. 'अस्तु' २०१३चा, सर्वदूर लागला २०१६ला. 'रिंगण' २०१५च्या पुरस्कारांतला, लागला २०१७च्या जूनअखेर. जयंत सोमलकरचा 'स्थळ' टोरंटोत २०२३ला गाजला, इथे आला मार्च २०२५ला. तोवर बातम्यांची धग संपलेली असते. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला चांगल्या वेळा मिळाव्यात म्हणून राज्य सरकारने २०१५मध्ये नियम केला, पण सकाळी अकराच्या खेळाला कामावरचा माणूस जाणार कसा, आणि पहिल्या शुक्रवारी रिकाम्या खुर्च्या दिसल्या की सोमवारी पडदा दुसऱ्याचा. पहिल्या तीन दिवसांत जा. एवढंच आपल्या हातात आहे.

कुठे बघायला मिळतील?

ओटीटीवरची नावं येतात-जातात, त्यामुळे इथे यादी देत नाही. चित्रपटाचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत असं दोन्ही प्रकारे शोधा, बरेच सापडतील. महोत्सवांत पुण्याचा जानेवारीत, इफ्फी नोव्हेंबरात पणजीला. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून चालू आहे. परदेशात असाल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाला गणपतीत नाटकाऐवजी एकदा 'रिंगण' लावायला सांगून बघा.

मला असा चित्रपट करायचाय. पहिलं काय करू?

संहिता कुणाला तरी वाचायला द्या, जो तुमचा मित्र नाही. मग शेवट तपासा. संकटात सापडलेला नायक देवळात जातो, घंटा वाजवतो, डोळ्यांत पाणी येतं आणि पुढच्या प्रसंगात सगळं सुरळीत, असं लिहिलं असेल तर ते फाडून टाका. मधली जी रात्र तुम्ही गाळली, चित्रपट तिथे आहे.

वारीत चित्रीकरण करणार असाल तर आदल्या वर्षी जाऊन एकदा नुसतं चाला. आषाढी वर्षातून एकदाच येते. एक दिवसाचं काम बिघडलं तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायची तयारी हवी. पाऊस, चिखल, गर्दीत हरवणारे कलाकार आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे आवाज: टाळ-मृदंगाचा ठेका प्रत्येक टेकला वेगळ्या जागी असतो, संकलनात संवाद जुळवताना नाकी नऊ येतात. संवाद मुक्कामाच्या ठिकाणी, दुपारच्या शांत वेळी ठेवा. आणि ज्यांच्या पंगतीत जेवाल त्यांचं चित्रीकरण करण्याआधी विचारा. वारकरी नाही म्हणत नाहीत, म्हणून न विचारता चालतं असं नाही.

पैशाचं म्हणाल तर गोव्यात इफ्फीच्या जोडीला भरणाऱ्या फिल्म बाजारात अपुरे चित्रपट दाखवायची सोय आहे, तिथे परदेशी महोत्सवांचे लोक येतात. राज्य सरकार चित्रपटाचा दर्जा ठरवून अनुदान देतं, पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर. तेव्हा त्या भरवशावर कर्ज काढू नका. सेन्सॉरचं प्रमाणपत्र थिएटरसाठी लागतंच. धार्मिक विधी, मूर्ती, घोषणा दाखवल्या असतील तर प्रश्न विचारले जातील असं धरून वेळ ठेवा.

आई-आजीला सोबत नेऊ का? त्या भाविक आहेत, दुखावतील अशी भीती वाटते.

न्या. आमच्याकडे 'देऊळ'च्या वेळी सगळ्यात मोठ्याने हसत होत्या त्या तिसऱ्या रांगेतल्या माळकरी बायका. वर्गणीचे हिशेब त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. 'फँड्री'ला त्या गप्प होतील. 'साबर बोंडं'बद्दल घरी जाताना रिक्षात थोडं बोलावं लागेल, तर त्यासाठी वेळ काढून जा. फक्त खेळ रात्री नऊचा नको, पाच-साडेपाचचा बघा.